नकाशाच्या तोंडावरचं बेळगाव

संयुक्त महाराष्ट्र सगळ्यात आधी झाला तो लालबागच्या आमच्या चाळीत, आणि तोही नकाशाच्या तोंडावर. पस्तिशी आली तरी या गृहस्थाच्या पुटकुळ्या हटायला तयार नव्हत्या. कपाळावर खानदेश, एका गालावर कोकणपट्टी, दुसऱ्यावर भरघोस विदर्भ, हनुवटीवर निपाणी, आणि जबड्याच्या कोपऱ्यात बेळगाव. टपोरं, लालबुंद, हात लावला तर ठणकणारं. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर होतं, ते तिथेच राहिलं. सकाळी नळावर त्याला 'कसा आहेस' असं कोणी विचारत नसे. 'निपाणी काय म्हणते?' असं विचारत, आणि तोही तोंडाला साबण लावता लावता सांगे, "निपाणी शांत आहे. बेळगावात मात्र रात्रभर ठणठण चालू होती."

गिरणीच्या ऑफिसात तो कारकून होता आणि आमच्या समितीची सगळी भाषणं तोच लिहायचा. ती भाषणं सुरू झाली की समोरच्या गिरणीची चिमणी ऐकायला वाकायची, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. पण बोलायचा दुसराच कोणी. नकाशा खांबाआड उभा राहून नुसते ओठ हलवायचा. मी म्हणायचो, "अरे, वर चढ एकदा." तो म्हणायचा, "लोक भाषण ऐकतील की निपाणी बघतील?" एकदा तरी आपलं भाषण आपल्या तोंडाने करावं, हे एकच त्या माणसाच्या मनात होतं, आणि नेमकं तोंडच आडवं येत होतं.

त्याचे आवडते शब्द दोनच. "आणि नंतर?" कोणी काहीही सुचवलं की हा हेच विचारणार. कडुनिंब लाव. आणि नंतर? मुलतानी माती लाव. आणि नंतर? चाळीने सांगितलेले सगळे लेप त्याने लावून पाहिले होते. त्यातल्या एकाला तर मुंग्या लागल्या. त्या मुंग्या कोकणपट्टीवरून विदर्भाकडे रांगेने गेल्या, कोणालाही धक्का न लावता.

एकदा समितीने ठरवलं की पुढच्या महिन्यात चाळीच्या पटांगणात सभा घ्यायची आणि यावेळी नकाशानेच बोलायचं. त्याने दोन दिवस जेवण टाकलं आणि तिसऱ्या दिवशी मला घेऊन गिरगावातल्या कातडीच्या डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टरांनी भिंगातून अख्खा प्रांत तपासला. म्हणाले, "क्ष-किरण देऊ. आठवड्यातून एकदा, दहा-बारा वेळा. कातडीखालच्या तेलाच्या ग्रंथी सुकतात. चेहरा आरशासारखा होईल."

"आणि नंतर?"

"नंतर काही नाही."

"वीस वर्षांनी?"

"वीस वर्षं अजून कोणी मोजलेली नाहीत हो."

"तुमच्या मुलाला द्याल?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. तो इतका वेळ पुसला की मला वाटलं आता काच झिजून भोक पडणार. मग डोळे वर न करता म्हणाले, "दुसरे उपाय सांगतो."

दुसरा उपाय म्हणजे परदेशातून नव्याने आलेल्या कॅप्सूल. तीन-चार महिने रोज घ्यायच्या, गुण येतो, पण पोट बिघडू शकतं. तिसरा गंधकाचा कडक लेप. आठ दिवस लावायचा, वरची कातडी सोलून निघते, आग आग होते, तोवर घराबाहेर पडायचं नाही. पुटकुळ्या बऱ्याचशा जातात, पण पुन्हा येणारच नाहीत अशी हमी नाही.

त्यावर नकाशाने बारा दिवस विचार केला. दिल्लीला आमच्या प्रश्नावर तेवढेच लागले असते तर आमचे बरेच चपलांचे जोड वाचले असते. शेवटी त्याने गॅलरीत मला निकाल ऐकवला. "किरण म्हणजे द्विभाषिक राज्य. आज सगळं गुळगुळीत, पुढचं काय ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही. कॅप्सूल चांगल्या आहेत, पण ज्यांच्या घरात स्वतःचा संडास आहे त्यांच्यासाठी. आपल्याकडे चाळीस बिऱ्हाडांत चार. राहिला लेप, सभेआधी उरकणारा तेवढाच. तो सत्याग्रह आहे. आधी आपणच भाजून घ्यायचं, पण निदान काय होणार ते समोर दिसतं."

आता चाळीत आठ दिवस तोंड लपवायचं कुठे? इथे शिंकलं तरी तिसऱ्या मजल्यावरून औषध येतं. माझे मामा वडाळ्याला मिठागरावर होते. त्यांच्या खोपटात त्याची सोय केली. घरी त्याने सांगितलं, ऑफिसच्या कामाला पुण्याला जातोय. मला बजावलं, "कोणी विचारलं तर तूही पुणंच सांग."

मी पुणं सांगणार होतो, शपथेवर सांगतो. पण नळावर पंधरा माणसं 'कुठे गेला, कुठे गेला' करायला लागल्यावर पुणं फारच मिळमिळीत वाटलं. मी म्हणालो, "पोलिसांनी धरला त्याला." कितीजणांनी? "तिघांनी." दुपारी ते पाच झाले आणि संध्याकाळी सात शिपाई आणि एक घोडा. लाठ्या मी कोणालाच मोजू दिल्या नाहीत.

नवव्या दिवशी तो वडाळ्याहून थेट सभेला आला. आठ दिवस गंधक आणि वर मिठागराचा वारा; तोंड उकडलेल्या बिटासारखं झालेलं. पटांगण एकदम उठून उभं राहिलं. मग हार आले. त्याची आई गर्दीतून धावत आली आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून रडायला लागली. "माज्या झिलाचा तोंड फोडल्यानी मेल्यानी." नकाशाने तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी आकाश पाहू लागलो.

तो व्यासपीठावर चढला. पहिल्यांदाच. हजारभर माणसं त्याचं तोंड डोळे भरून पाहत होती. तो गप्प राहिला असता तर जन्मभर पुढारी म्हणून मिरवला असता. त्याने हार काढला.

"मला कोणी मारलेलं नाही. पुटकुळ्यांसाठी गंधक लावून मिठागरावर बसलो होतो. खाली हरी उभा आहे, गेल्या मोर्चात त्याचा हात लाठीने मोडलाय. माझी फक्त साल निघालीय. हार त्याला घाला."

मग मागून कोणीतरी विचारलं, "निपाणीचं काय झालं रे?" आणि पटांगण असं हसलं की भायखळ्यापर्यंत ऐकू गेलं. त्या हशातच त्याने भाषण सुरू केलं. सव्वा तास बोलला. तोंडाकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही, त्याचंही नाही. त्याची आई मात्र भाषण सोडून मला शोधत होती. "आठ दिस उपाशी रवलंय मी," म्हणून तिने वहाण फेकली. नेम चांगला होता.

पुढे राज्य झालं, मुंबई मिळाली. नकाशाच्या तोंडावरचेही बहुतेक प्रांत निवळले. पुटकुळ्यांवर किरण देणं डॉक्टर लोकांनी आपणहून सोडून दिलं. जबड्यावरचं बेळगाव मात्र लेपाला बधलं नाही. दरवर्षी उन्हाळ्यात ते डोकं वर काढायचं.

त्याला शेवटचं पाहिलं ते परळच्या इस्पितळात. अंगाची काडी झाली होती, हसू तेवढं जागेवर होतं. नर्सने नुकतीच दाढी केली होती आणि जबड्याच्या कोपऱ्यात ते लाल टोक दिसत होतं. मी काही बोलायच्या आधीच त्याने त्यावर बोट ठेवलं.

"बघतोस ना? बेळगाव बाकी आहे."

एवढ्या वर्षांत ते दोन शब्द मी त्याला कधी विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले. "आणि नंतर?"

त्याने ते बोट हनुवटीवर सरकवलं.

"नंतर निपाणी," तो म्हणाला.