एकतीस शिफारशी आणि एक निरोप

त्या रविवारी माझ्या दुकानाच्या पायरीवर चपलांचा ढीग पडला होता. आत दोन कॉम्प्युटर, एक पंखा आणि गजू तांडेलची अख्खी वाडी. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून थेट आलेले पुरुष होते, बाजारात मासे विकून आलेल्या बायका होत्या. सगळे गजूची शिफारस करायला आले होते, तीही इंटरनेटवर. मी त्यांना परत पाठवायला हवं होतं. मी शेजारून खुर्च्या मागवल्या.

मालवणात मी वीस वर्षं टायपिंग क्लास चालवला. टाइपरायटर गेले तेव्हा मुकाट्याने कॉम्प्युटर आणले. ही गोष्ट दोन हजार नऊची. बायोडाटा टाइप करणं, ऑनलाइन फॉर्म भरणं आणि नोकरदारांच्या साइटवर लोकांची प्रोफाइल बनवणं, हा तेव्हा माझा धंदा झाला होता. प्रोफाइल म्हणजे तुमच्या कामाची पाटी. ती कुठलीही कंपनी वाचू शकते. ओळखीच्या माणसांना तिथे जोडून घ्यायचं, ते कनेक्शन. जोडलेल्या माणसाने तुमच्या कामाबद्दल चार ओळी लिहिल्या की ते रेकमेंडेशन. मला एवढंच येत होतं. पण आजूबाजूला कुणाला तेवढंही येत नव्हतं, म्हणून मी स्वतःला तज्ज्ञ समजत होते. वासरात लंगडी गाय शहाणी.

गजू चव्वेचाळीस वर्षांचा. अकरा वर्षं आखातात मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया प्लांट ऑपरेटर होता. मोठी शीतगृहं आणि बर्फाचे कारखाने अमोनिया वायूवर चालतात. तो वायू नळांतून फिरवायचा, दाब सांभाळायचा, गळती होऊ द्यायची नाही, हे त्याचं काम. मंदीत कंपनी बंद पडली आणि तो घरी आला. इथे त्याच्या कामाची एकच जागा होती, किनाऱ्यावरचा एक जुना बर्फ कारखाना. मालक बोलावत होता. गजू एकदा मशीन बघून आला आणि तिथून तडक माझ्याकडे.

"बाई, माका थंय जावचा नाय. कॉम्प्रेसर म्हातारो झालो हा. पॅकिंगातसून गॅस येता आणि मास्क एक नाय. एक दिवस कोणाक तरी खातलो तो."

"मग मालकाला काय सांगितलंस?"

"म्हयनोभराची सबब सांगलंय. तेवढ्यात भायर खंय तरी बघा."

मी त्याची प्रोफाइल मन लावून केली. गजूला वाचता येत होतं, पण कीबोर्डला हात लावायला तो बिचकायचा. म्हणून ईमेलचं खातंही मीच उघडलं आणि पासवर्ड माझ्या वहीत लिहिला. रेकमेंडेशनचा रकाना तेवढा रिकामा राहिला. मी त्याला म्हटलं, "इथे कुणीतरी तुझ्याबद्दल चांगलं लिहायला हवं." हे वाक्य गजूने घरी नेलं आणि घरातून ते वाडीत गेलं.

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. मानाचा एक माणूस देवासमोर मागणं सांगतो आणि मागची सगळी माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा देतात. गजूच्या वाडीत हा मान दाजीकाकांचा. रविवारी तेच पुढे होते.

"काका, ह्यातलं कुणी गजूबरोबर कामाला नव्हतं," मी म्हटलं.

"नव्हता म्हणान काय झाला? ल्हानपणापासून बघतंव ना आमी! एकट्याचा गाऱ्हाणा देव तरी आयकता काय? सगळी वाडी बोलतली."

मला ते पटलं नव्हतं. पण दुकान इतकं भरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि माणसं कौतुकाने माझ्या बोटांकडे बघत होती. मी प्रत्येकाचं ईमेल उघडलं, प्रत्येकाची प्रोफाइल केली, प्रत्येकाला गजूशी जोडलं. मजकूर माझाच. गजानन मेहनती आहे, प्रामाणिक आहे, अडीअडचणीला धावतो. मी मराठीत वाचून दाखवायची आणि मागून घोष व्हायचा, "व्हय म्हाराजा!" हसून हसून पुरेवाट झाली. दोन रविवारांत एकतीस शिफारशी झाल्या. गजू दाराशी उभा होता. "येवढी माणसा माझ्यासाठी इली, बाई," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन तोंड पुसून आला.

सोमवारपासून त्याच्या मेलबॉक्समध्ये पूर लोटला. साइटवर काही हललं की ती तुम्हाला मेल पाठवते, त्याला नोटिफिकेशन म्हणतात. अमक्याला तुमच्याशी जुळायचं आहे. तमक्याने तुमच्याबद्दल लिहिलं आहे. ह्याला तुम्ही ओळखता का? वाडीतल्या कुणाचा मुंबईतला भाचा, कुणाचा गोव्यातला मेव्हणा, सगळे गजूला जोडून घेऊ लागले. रोज साठ-सत्तर मेल, आणि सगळ्यांवर पाठवणारा म्हणून साइटचंच नाव. पहिले दोन दिवस मी ती उघडून बघितली. तिसऱ्या दिवसापासून सगळ्यांवर एकदम खूण करून डिलीट करू लागले. सकाळी दुकान झाडायचं, मग गजूचं मेल झाडायचं.

गजू रोज चार वाजता यायचा. दारातूनच विचारायचा, "काय इला?"

"अजून नाही रे."

महिना संपायच्या शुक्रवारी तो आत येऊन बसला. "काय इला?"

"नाही आलं."

"बरा तर. सोमवारपासून बर्फात जातंय. मालक थांबाचो नाय आता."

मी त्याला अजून आठवडाभर थांब म्हणू शकले नाही. कशाच्या जोरावर म्हणणार?

मे महिन्यात मासेमारीबंदीच्या आधी होड्यांची घाई असते, बर्फाला मागणी असते आणि मशीन दिवसभर थांबत नाही. त्याच दिवसांत एका दुपारी कॉम्प्रेसरचं गॅस अडवणारं पॅकिंग फुटलं. अमोनिया जिथे ओल असेल तिथे आधी जाळतो, आणि माणसाच्या अंगात सगळ्यात ओले डोळे. गजूने बरोबरच्या दोघांना बाहेर ढकललं, तोंडाला ओला टॉवेल बांधला आणि वॉल्व बंद करायला परत आत गेला. वॉल्व बंद केला, म्हणून आजूबाजूची घरं वाचली. त्याला गोव्याला हॉस्पिटलात नेलं. उजवा डोळा गेला. डाव्याला उजेड आणि सावली तेवढी कळते.

कारखान्याने अपघाताच्या अहवालात लिहून टाकलं की माणूस अनाडी होता, त्याने वॉल्व उलटा फिरवला.

जूनमध्ये गजूची बायको सुलभा दुकानात आली. "बाई, तुमी त्यांचा सगळा लिवलल्यात ना? ह्यांका काम येत होता, असा कागदार काडून देवा."

मला हुरूप आला. एकतीस शिफारशी होत्या. मी साइट उघडली. एकेक वाचायला लागले आणि कळलं की त्यात अमोनिया हा शब्दच नाही. कॉम्प्रेसर नाही, वॉल्व नाही. तो मेहनती होता आणि अडीअडचणीला धावत होता, एवढंच एकतीस वेळा लिहिलेलं. मग वरच्या कोपऱ्यात दिसलं, निरोप एक, न वाचलेला. निरोप आल्याचं मेल मी पुसलं होतं, पण निरोप साइटवर तसाच पडून होता.

तो वर्गीस नावाच्या साहेबाचा होता. आखातात गजूचा प्लांट मॅनेजर, आता मस्कतच्या कंपनीत. इंग्रजीत पाच ओळी. 'गजानन, तुझी प्रोफाइल दिसली. मला अमोनिया ऑपरेटर हवा आहे. आमचे एचआरवाले विचारतात, ही तीसेक माणसं कोण, ह्यांतलं कोणीच रेफ्रिजरेशनमधलं कसं नाही? मी सांगितलं, मी ह्याला ओळखतो. तुझ्याबरोबर मशीनवर काम केलेल्या दोघांची नावं कळव. गुरुवारपर्यंत.'

तारीख बघितली. तो गुरुवार म्हणजे गजूने बर्फाला होकार दिला त्याच्या आदला दिवस. सुलभा समोर उभी होती. मी तिला म्हटलं, उद्या ये.

त्या संध्याकाळी मी वर्गीससाहेबांना सगळं खरं लिहिलं. दोन दिवसांत मेलवर त्यांचं पत्र आलं, त्यांच्या मस्कतच्या कंपनीच्या कागदावर. अकरा वर्षांत ह्या माणसाच्या पाळीत एकदाही गळती झाली नाही, असं त्यात होतं. पुढे ते पाहून कारखान्याने 'अनाडी' हा शब्द मागे घेतला. मस्कतची जागा केव्हाच भरली होती.

पत्र द्यायला मी स्वतः गेले. गजू पडवीत बसला होता, काळा चष्मा लावून. मी त्याला निरोपाचं सांगितलं. काही झाकलं नाही.

"म्हणजे इलला," तो म्हणाला.

"आलं होतं. मी पुसलं. चूक माझी आहे."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "काय लिवल्यान सायबान? वाचा."

मी मराठी करून वाचलं. 'मी ह्याला ओळखतो' हे त्याने परत वाचायला लावलं.

"दोन नावा व्हयी होती?" तो म्हणाला. "कासीम आणि थापा. मशिनीर माझ्या वांगडा तेच होते. लिवन घेवा."

"आता कशाला, गजू?"

"सायबान इचारल्यान ना. लिवन घेवा."

मी लिहून घेतली. वहीत, त्याच्या पासवर्डच्या खाली.

दुकान अजून चालतं. प्रोफाइल करायला कुणी आलं की फोटोच्याही आधी मी त्याच्याबरोबर काम केलेल्या दोन माणसांची नावं विचारते. ती मिळाली नाहीत तर कॉम्प्युटर लावत नाही. लोक म्हणतात, बाई खाष्ट झाल्या. आलेली मेल मी एकेक उघडून वाचते, जाहिरातीसुद्धा. त्यात अर्धी सकाळ जाते. जाऊ दे.