अर्ध्या गाण्यांचे बाविस्कर

बाविस्करांची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि चूक पूर्णपणे त्यांची होती. मी मुंबईहून सिल्वासाच्या शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच आले होते. सोसायटीच्या गणपतीत मला गाण्याचा आग्रह झाला. लहानपणी पाच वर्षं क्लासला गेलेल्या बाईला असा आग्रह फार करावा लागत नाही. मी एक संथ भावगीत घेतलं. पहिला अंतरा संपवून दुसऱ्यासाठी श्वास घेतला, तेवढ्यात मागे ढोलकीवर बसलेल्या माणसाने ठेका बदलला, माइक स्वतःकडे ओढला आणि माझ्याच शेवटच्या सुरावर एक कोळीगीत सुरू केलं. मंडप टाळ्या वाजवू लागला. मी श्वास घेतलेली तशीच उभी.

खाली उतरल्यावर मी जाब विचारला. कंपनीचा निळा शर्ट, मेंदीने तांबूस झालेल्या मिशा आणि ढोलकीला टेकायला सोयीचं पोट, असे ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही चांगल्या गायल्या. पण मागच्या बाया उठू लागल्या होत्या. मी तुमचं गाणं वाचवलं."

"अर्ध्यात तोडून?"

"अर्ध्यात नही. संपल्यावर. गाणं तिथंच संपतं, पुढं नुसता कवी राहतो."

बाविस्कर मूळचे चोपड्याकडचे. सिल्वासात सूत बनवणाऱ्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होते. पण ते त्यांचं पोटापाण्याचं काम. त्यांचं खरं काम म्हणजे मेडले. एका गाण्याचा मुखडा, जमलं तर एक अंतरा, की लगेच दुसरं गाणं, मग तिसरं. एकच गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणणं त्यांना असभ्यपणाचं वाटे. "मुखडा सुचतो. अंतरा जुळवावा लागतो. आणि तिसरं कडवं संगीतकार सासऱ्याला खूश करायला घालतो," असं त्यांचं शास्त्र होतं. घरी मोबाइलवरही मुखडा झाला की त्यांचा अंगठा पुढे सरके. त्यांची बायको सिंधूवहिनी मला म्हणाल्या होत्या, "इतकी वर्षं संसार झाला ताई, पण एकाही गाण्यात शेवटी ती दोघं भेटतात का मरतात, ते माले आजपर्यंत कळलं नही."

पुढच्याच महिन्यात मी त्यांच्या ऑर्केस्ट्रात गाऊ लागले. कशी ते मला नीट सांगता येणार नाही. बहुधा वहिनींच्या भरिताचा त्यात हात होता. रविवारी दुपारी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत तालीम चाले. बाविस्कर ढोलकीवर, त्यांच्याच कारखान्यातला चिराग कीबोर्डवर, गायला मी. बाकी माणसं शिफ्टप्रमाणे बदलत.

तिथे मला कळलं की ज्याला मी कापाकापी समजत होते, त्यात केवढी नजर होती. गाण्यांची निवड करायला त्यांना वेळ लागत नसे. सगळी दुपार जाई ती सांध्यात. या गाण्यातून त्या गाण्यात कुठल्या सुरावरून शिरायचं, ठेका आधी बदलायचा की शब्द, मध्ये ढोलकीचा एक तुकडा टाकायचा की काहीच न टाकता सरळ उडी मारायची. "गाणं कोणीबी म्हणतं, ताई. दोन गाण्यांमधली जागा म्हणून दाखवा," ते म्हणत. एखादं विरहाचं हिंदी गाणं ते असं काही गरब्यात सोडत की ऐकणाऱ्याचे डोळे ओले आणि पाय नाचत असत, आणि त्या बिचाऱ्याला कशाचं ऐकावं ते कळत नसे. नवं गाणं सुरू झालंय पण अजून ओळखू आलेलं नाही, त्या एका क्षणासाठी बाविस्कर जगत. तेव्हा ते वाजवता वाजवता लोकांची तोंडं बघत. ओळख पटून पहिली शिट्टी आली की त्यांच्या मिशा हलत.

सिल्वासात याचा व्यावहारिक फायदाही होता. आमच्या मंडपात खानदेशातले कामगार, गुजराती दुकानदार, खानवेलहून आलेली वारली मंडळी, मुंबई-कोकणातले सरकारी नोकर, असे सगळे असत. "एकाचं गाणं पूर्ण म्हटलं की बाकीचे जेवायला उठतात," बाविस्कर सांगत. म्हणून वारल्यांच्या तारप्याच्या चालीतून लावणी निघे, लावणीतून गरबा. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "सुराला जात नसते. पट्टी जुळली की सोयरीक झाली."

हे वाक्य त्यांच्या अंगाशी येणार होतं.

त्यांची मुलगी हर्षा एका कंपनीच्या ऑफिसात कामाला होती. रविवारी ती गच्चीवर चहा घेऊन येई. चहा ठेवून जायला तिला दिवसेंदिवस जास्त वेळ लागू लागला. चिरागचा कीबोर्डही त्याच वेळी बिघडे आणि वायर धरायला कुणीतरी लागे. हे मला दिसलं, वहिनींना दिसलं, खालच्या वॉचमनलाही दिसलं. फक्त हजार माणसांच्या मंडपात पहिली शिट्टी कोण मारतंय ते टिपणाऱ्या बाविस्करांना दिसलं नाही. हर्षाने जेव्हा सरळ सांगितलं की आपण चिरागशी लग्न करणार आहोत, तेव्हा त्यांनी ढोलकी खुंटीला टांगली.

"गुजराथ्याच्या घरी पोरगी द्यायची नही," त्यांनी जाहीर केलं.

"काबरं?" वहिनींनी विचारलं. "गाण्यात तर तुम्हाले सगळं चालतं."

"गाणं वेगळं, घर वेगळं."

"सोयरीक कोण म्हणत होतं मग? मी?"

ऑर्केस्ट्रा बंद पडला. त्याहून भयंकर म्हणजे त्यांच्या घरातून पूर्ण गाणी ऐकू येऊ लागली. तिन्ही कडव्यांसकट, शेवटच्या बासरीपर्यंत. सोसायटीला खरोखर काळजी वाटली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "बाविस्करांची तब्येत बरी आहे ना?"

चिरागच्या वडिलांची, कांतीभाईंची, काही हरकत नव्हती. त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि ते मोजकंच बोलत. "छोकरी सारी छे. बाप जरा तीखो छे," मुलगी चांगली, बाप जरा तिखट, एवढा निकाल त्यांनी दिला. हर्षा पळून जाणाऱ्यातली नव्हती. ती रोज वडिलांना डबा भरून देई आणि रोज तेच विचारी. शेवटी बाविस्कर म्हणाले, "करा काय करायचं ते. मी येईन, पण बोलणार नही."

साखरपुडा जवळच अथालच्या एका हॉलमध्ये दुपारी ठरला. बाविस्कर आले ते कंपनीचा निळा शर्ट घालून, जणू मधल्या सुट्टीत डोकावले आहेत. सगळ्यात मागे, पाण्याच्या जारांजवळच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले. कांतीभाई पेढा घेऊन गेले तर त्यांनी डावा हात हलवून शुगर असल्याची खूण केली. त्यांना शुगर नव्हती.

तेवढ्यात सिंधूवहिनी माझ्याकडे आल्या. शालूत त्या छान दिसत होत्या आणि चेहरा कट रचणाऱ्या माणसाचा होता. "ताई, गा. पण सांधा बिघडवा."

"म्हणजे?"

"म्हणजे असा बिघडवा की माणसाले बसवणार नही. चिरागले मी सांगितलंय."

नवरदेव कपाळावर टिळा लावून स्वतःच कीबोर्डवर बसला. शेजारी ढोलकी ठेवलेली, वाजवायला कुणी नाही. मी आमचं नेहमीचं कोळीगीत घेतलं. पहिला अंतरा झाला, गरब्यात शिरायची जागा आली, आणि चिरागने भलत्याच पट्टीत हात टाकला. मीही प्रामाणिकपणे बेसूर झाले. लोकांना काही कळलं नाही, ते जेवणाच्या रांगेकडे बघत होते. मागच्या खुर्चीत मात्र हाताची घडी सुटलेली मला दिसली.

आम्ही पुढचा सांधा याहून वाईट केला. बाविस्कर उभे राहिले. मग बसले. तिसऱ्या सांध्याला चिराग ठेकाच विसरल्यासारखा थांबला, आणि हॉलमध्ये ती दोन गाण्यांमधली जागा नुसती उघडी पडली. बाविस्कर खुर्च्या सारत पुढे आले. माइक चालू आहे याचं त्यांना भान नव्हतं.

"काळी दोन सोडून कुठं चालला तू? जावई झाला म्हणून पट्टी सोडशील का?"

चिरागने मान खाली घातली, ती हसू लपवायला. वहिनी पहिल्या रांगेतून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "जावई म्हटलं बरं का त्यांनी. सगळ्यांनी ऐकलं. कांतीभाई, पेढे फिरवा."

बाविस्करांनी वहिनींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग चिरागच्या पट्टीत परत आलेल्या बोटांकडे. आपण कशात सापडलो ते त्यांना कळलं. पण पुढचं गाणं सुरू होत होतं आणि ढोलकी रिकामी होती. ते बसले आणि वाजवू लागले. अशा वेळी बापाने लेकीसाठी डोळे मिटून एक अख्खं गाणं म्हणायचं असतं. तसं काही झालं नाही. त्यांनी सबंध तासभर एकाही गाण्याला दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचू दिलं नाही, आणि कांतीभाई, जे कधी नाचत नसत, ते पेढ्याचा बॉक्स हातात धरून गोल फिरत राहिले.

लग्नानंतर गच्चीवरची तालीम पुन्हा सुरू झाली. एकदा आम्ही दोघंच लवकर पोचलो होतो. ढोलकीची वादी ओढता ओढता ते आपणहून बोलले. "ताई, लोकांले वाटतं मेडले म्हणजे जोडणं. जोडण्याआधी कापावं लागतं. या गाण्याचं थोडं, त्या गाण्याचं थोडं. मी आयुष्यभर तेच केलं, म्हणून माले भीती वाटली. पोरगी त्यांच्या घरी जाणार. भाषा तिची कापली जाणार, जेवण तिचं, सण तिचे. त्यांचं काहीच नही. असा सांधा मी कधी केला नही."

मी शाळेत मुलांना बरंच काही सांगते, पण तिथे नुसतं वादीचं दुसरं टोक धरलं.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि गावाकडे राहायला निघाले. सकाळी सोसायटीच्या दारात टेम्पो भरत होता. चिराग वर चढून कपाटाला दोर बांधत होता आणि हर्षा खालून त्याला अहिराणीत सूचना देत होती, त्या त्याला बहुधा कळत होत्या. बाविस्कर मला बाजूला घेऊन गेले.

"काल व्याह्यांकडं जेवलो, ताई. डाळ गोड नव्हती."

"म्हणजे?"

"साखर नव्हती तिच्यात. मी विहीणबाईंले विचारलं. त्या म्हणे, हर्षा आल्यापासून आठवड्यातून दोनदा अशीच होते, आता आम्हालेबी गोड डाळ कशीतरी लागते." त्यांनी मिशांवरून हात फिरवला. "त्यांचंबी कापलं गेलं ना थोडं."

"कशी होती डाळ?" मी विचारलं.

"चांगली नव्हती," ते म्हणाले. "मिरची जास्त पडली होती. तीनदा घेतली मी."