ऐंशी वेढे

आमचे बाबा मोटारी भरायचे. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसून काढायची, नवी गुंडाळायची आणि मोटार पुन्हा चालती करायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. गच्चीवरची छोटी पवनचक्कीही त्यांनीच केली. पाती लाकडाची, जनित्र स्वतः भरलेलं, खाली दोन बॅटऱ्या. स्वयंपाकघरातला दिवा, पंखा आणि रेडिओ तिच्यावर चालायचे. शेजारी हसले की बाबा म्हणायचे, "लोक संसार वाऱ्यावर सोडतात, मी वाऱ्यावर चालवतो."

मग त्यांना विसर पडू लागला. आधी चष्मा, मग दुकानाचा रस्ता, मग मी. शेवटी आईसुद्धा. तिला ते 'ताई' म्हणू लागले, गिऱ्हाइकाला म्हणावं तसं.

त्याच वर्षी एका वादळात चक्की बेफाम फिरली आणि आतल्या तारा जळाल्या. मी रजा काढून आले होते. म्हटलं, "आई, भंगारात देऊन टाकू."

"छे! ह्यांच्याकडूनच भरून घेते. हाताला ओळख असते गं," ती म्हणाली. मग हळूच, "आणि दिवा लागला की आठवेलही त्यांना."

मी वाद घातला नाही. शिडी लावून जनित्र खाली उतरवलं. आईनं बाबांपुढे तारेचं रीळ आणि लाकडी साचा ठेवला. एकूण नऊ गुंडाळ्या, प्रत्येकीला ऐंशी वेढे. हात खरंच चालले. तार ताणून, वेढ्याला वेढा भिडवून, अगदी पूर्वीसारखे. पण आकडा टिकेना. वीस-बाविसाला अडखळायचे, सगळं उलगडायचे, पुन्हा एकपासून सुरुवात. तिसऱ्यांदा त्यांनी तार उलगडायला घेतली. आई शेजारी जाऊन बसली.

"तुम्ही गुंडाळा, मी मोजते."

सहा दिवस ती मोजत होती. "एक्कावन्न, बावन्न..." मध्येच बाबा विचारायचे, "ताई, तुमचे मिस्टर काय करतात?"

"मोटारी भरतात."

"अरे वा! हात कसा आहे?"

"फार चांगला," आई म्हणायची, आणि लगेच, "त्रेपन्न."

सातव्या दिवशी मी जनित्र वर चढवलं. दुपारी वारा सुटला, पाती फिरू लागली. संध्याकाळी आईनं स्वयंपाकघरातलं बटण दाबलं. दिवा लागला. ती दिव्याकडे बघतच नव्हती. बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

बाबांनी समाधानानं मान डोलावली. "झालं तुमचं काम. आता लवकर जळायचं नाही." ते दारापर्यंत गेले, तिथं घुटमळले. "ताई, एक निरोप द्याल? आमच्या घरी सांगा, मला आज जरा उशीर होईल. बायको जेवायची थांबलेली असते."

"सांगते," आई म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. मग ती मोरीत गेली, तिनं नळ सोडला आणि कितीतरी वेळ तो बंदच केला नाही.

बाबा त्यानंतर पाच महिने होते. आईला त्यांनी एकदाही ओळखलं नाही. ती मला फोनवर सांगायची, "आज दोन घास जास्त जेवले." त्यानंतरही फोन मात्र दोघींपैकी कुणीच ठेवायचं नाही.