खाडीकडचं टोक

तो आंघोळीला गेला नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरी बायकोलाही नाही.

तो म्हणजे आमच्या शिवाराला लागून असलेल्या तांड्यावरचा माझा मित्र. नेरच्या शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. पुढे मला तेल शोधणाऱ्या सर्वेक्षणात सुपरवायझरची नोकरी लागली. पूर्वेच्या किनाऱ्यावर काम निघालं तेव्हा मीच त्याला सोबत नेलं. त्या पट्ट्यात आधी फारसं कुणी शोधलेलं नव्हतं. साहेब लोक म्हणायचे, खाली तेल नसलं तरी गॅस असणारच. आमचं काम एवढंच, की जमिनीत भोकं पाडून लहान स्फोट करायचे आणि खालून परत येणारा हादरा केबलला जोडलेल्या यंत्रांनी टिपायचा. स्फोटाच्या वेळी केबलपाशी कुणी हलायचं नाही. पावलाचा आवाजही नोंदीत उतरतो.

त्या दुपारी तो केबलच्या शेवटच्या टोकाला होता, खाडीच्या चिखलात, यंत्रांवर गुरं येऊ नयेत म्हणून. मी लांब, रेकॉर्डिंगच्या गाडीत, हातात वॉकीटॉकी.

"अबे, हा नाला उलटा वाहून राह्यला."

"भरदुपारी घेतली काय बे?"

"तुही शपथ. समुद्राकडून येऊन राह्यलं पाणी. मांगूनबी आलं. येऊ काय मी?"

मी हसलो. आमच्याकडे पाणी वरून खाली जातं, पूर आला तरी. भरतीच्या आधी त्या टोकाचा माणूस काढा, असं मला सकाळी सांगितलेलं होतं. पण भरती म्हणजे विहिरीला पाणी चढावं तशी, बेताबेतानं, असंच माझ्या डोक्यात. त्यात समोरच्या पडद्यावर त्या टोकाच्या रेघा थरथरत होत्या. मला वाटलं, हाच पाय हलवतोय. नोंद खराब झाली असती तर बोलणी मला बसली असती.

"हलू नको. दोन स्फोट राह्यले. मंग ये."

"बरं," तो म्हणाला.

रेघा थरथरतच राहिल्या. ते पाणी होतं. तो हललाच नव्हता.

संध्याकाळी तो सापडला. चौकशीत कुणी नीट विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, जेवणाच्या सुट्टीत न विचारता खाडीत आंघोळीला गेला. तांड्यावर येऊन तेच सांगितलं. त्याच्या याडीनं, म्हणजे आईनं, माझ्याकडे पाहिलं नाही. मुलाच्या चपलांकडे पाहत म्हणाली, "कायले गेला रे तू?" म्हातारी अजून त्याच्यावर रागावलेली आहे. दिवाळीला तांड्यावर वारलेल्या माणसांच्या नावानं नैवेद्य दाखवतात. त्याचं नाव आलं की ती म्हणते, हौसेपायी लेकरू उघड्यावर टाकून गेला. मी दरवर्षी फराळ घेऊन जातो आणि हे ऐकून येतो.

ते लेकरू, त्याची मुलगी, आता यवतमाळला कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात एसटी स्टँडवर भेटली. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "काका, बाबाले तं पवता येत नव्हतं. मंग आंघोळीले कायले गेलते?"

"मले काय माहीत, बाई," मी म्हणालो. तिची बस लागली. खिडकीतून तिनं हात केला.

त्या किनाऱ्यावर तेल असेल, असं अजून म्हणतात. विहीर कुणी खोदलेली नाही.

त्या पोरीला आणि तिच्या आजीला मी एक गोष्ट सांगायचं देणं लागतो. तो हौसेनं गेला नाही. मी सांगितलं म्हणून उभा राहिला.