दादांचा कार्बोरेटर

दादांची अट सोपी होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन करीन, पण दवाखान्यात जाईन तर माझ्याच गाडीत. दादा म्हणजे माझे वडील, आणि त्यांची गाडी म्हणजे धावडा गावातल्या घरी पत्र्याखाली उभी असलेली जुनी पांढरी मोटार. ती दोन वर्षांपासून सुरूच झाली नव्हती. कार्बोरेटर गेलाय, हे निदान त्यांनी स्वतःच केलं होतं, वर "त्याचं सामान आता मिळत न्हाई" असंही सांगून ठेवलं होतं. माझी गाडी चांगली आहे, एसी आहे. पण तिच्यात बसलं की दवाखान्यात चाललोय असं वाटतं, म्हणाले. दवाखान्यातच तर जायचं होतं! पण दादांशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं, निदान भिंत उलट बोलत नाही.

डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की दोन्ही मोतीबिंदू फार पिकलेत. अजून थांबलात तर नजर कायमची जाईल. महिनाअखेरची तारीख मिळाली. हे मी दादांना जसंच्या तसं सांगितलं.

"मंग गाडी कर," ते म्हणाले आणि दुपारचे झोपले.

मी जालन्याला बँकेत कारकून. पेन सोडून मी आयुष्यात काही खोललेलं नाही. पण डोकं सणकलं होतं. ते झोपेत असतानाच कार्बोरेटर काढला, पिशवीत घातला आणि जालन्याला आणला.

जुन्या जालन्यात धान्याच्या आडतींच्या मागच्या बोळीत एक म्हातारे मिस्तरी बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. हल्ली कार्बोरेटर कोणी आणत नाही, म्हणून ते फवारणीचे पंप दुरुस्त करतात. त्यांचा नियम असा, की गिऱ्हाइकानं स्वतःच खोलायचं, स्वतःच जोडायचं. चाचा स्टुलावर बसून चहा पीत सांगणार. "म्हंजे नंतर स्क्रू उरला तर भांडण न्हाई," ते म्हणाले.

मी खोलला. पेट्रोल ज्यातून जातं ते पितळेचे दोन बारीक जेट निघाले, दोन्हींची भोकं गच्च बंद. मी लगेच आजकालच्या पेट्रोलवर बोलायला लागलो. इथेनॉल, भेसळ, सरकार, सगळं झालं. चाचांनी ऐकून घेतलं आणि जेट वाटीभर पेट्रोलात टाकायला सांगितलं. पुढच्या रविवारी गेलो तर जेट तसेच. तांब्याची तार घातली, हवा मारली. काही नाही. तारखेला आता पाच दिवस होते आणि मी त्या दोन पितळी तुकड्यांना, माझ्या बापालाही, बोलू नये ते बोललो.

चाचांनी एक जेट नाकाशी नेला. नखानं खरवडला. मग समोरच्या हॉटेलातून ग्लासभर उकळतं पाणी मागवलं आणि जेट त्यात सोडले. जरा वेळानं ग्लासात फेस आला.

कार्बोरेटरला फेस येतो हे मला माहीत नव्हतं. चाचांनाही नव्हतं.

"साबण आहे," ते म्हणाले. "पेट्रोलनं साबण बिलकुल विरघळत न्हाई. पहिले टाकी फुटली की आम्ही साबणच चोळायचो. हे ज्यानं भरलं, त्याला मालूम होतं."

दादांच्या गाडीत निळ्या साबणाची वडी कायम असायची, टाकी गळाली तर लावायला.

"घरी कोण कोण असतं?" चाचांनी विचारलं.

"तिथं ते एकटेच. शनिवारी मी जातो."

"तुमी न्हाई," माझ्या हातांकडं बघून ते म्हणाले. मग ग्लासातलं पाणी ओतून दिलं. "गाडी बिघडवायची असती तर वायर तोडली असती, साहेब. ह्यानं अशी बंद केली, की कधी चालू करायची म्हटली तर व्हावी."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी कार्बोरेटर बसवला. नवी बॅटरी, नवं पेट्रोल. किल्ली दादांच्या कमरेच्या करगोट्याला असते. ती गाठ बोटांनी चाचपून सोडायला त्यांना पाच मिनिटं लागली. तिसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली. रस्ताभर मी काय काय बोलायचं ते ठरवून आलो होतो.

"कचरा निघाला का?" दादांनी विचारलं.

"निघाला."

"कसला?"

"हल्लीचं पेट्रोलच खराब आहे," मी म्हणालो.

 रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून बाहेर आले. त्या गाडीचं स्टेअरिंग त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं, शेजारी आई होती तोवर ती बसायची, मी लग्नाचा झालो तरी मागेच. मी सवयीनं मागचं दार उघडलं. दादा बॉनेटवर हात ठेवून पुढून फिरले, हातानंच चाचपत डाव्या बाजूला गेले आणि आईच्या जागेवर बसले.

मी स्टेअरिंगवर बसलो. किल्ली फिरवली.

"शाळेपाशी एक बाई आडवी आल्ती. डोक्यावर मोळी होती," दादा म्हणाले. "मला दिसलीच न्हाई. ती वरडली म्हून ब्रेक लागला. त्याच रात्री साबण भरला. नजर गेली, हे तुला सांगायची लाज वाटली रे."

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. दोन वर्षं ते भिंती धरून चालत होते आणि मी दर शनिवारी येऊन कार्बोरेटरची चौकशी करत होतो.

"आता ऑपरेशन करूनबी दिसलं न्हाई तर?" ते म्हणाले.  मी गियर टाकला.

"हळू घे. आन समोर काय काय आहे ते सांगत चल."

"समोर आपलं फाटक आहे."

"ते मला माहिती आहे," दादा म्हणाले. "त्याच्या पुढचं सांग."