सेल काढलेलं मशीन

मी सांगलीला माहेरी जायची बॅग भरली, की सासूबाईंचे गुडघे दुखायला लागायचे. निदान मला तसंच वाटायचं. त्यांना मी आत्या म्हणते. मेढ्याकडे चिखलात वाकून भातलावणी करण्यात त्यांचा जन्म गेलेला. गुडघे त्यानंच गेले, हे आमच्या साताऱ्यातल्या अख्ख्या गल्लीला पटलं होतं, मला सोडून.

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी घरी वापरायला टेन्सचं मशीन दिलं. गुडघ्याला चिकट पट्ट्या लावायच्या, कातडीतून बारीक करंट सोडायचा. मुंग्या येतात आणि दुखणं दबतं. कसं लावायचं ते मलाच शिकवलं होतं. पहिल्यांदा लावायचं त्या दुपारी दोन्ही नणंदा माहेरपणाला आलेल्या. मी आत जाऊन मशीनचा सेल काढून घेतला. पट्ट्या नीट लावल्या, बटण फिरवलं, वर सांगितलं, "करंट इतका बारीक असतो की कळतसुद्धा नाही." आज यांचं सोंग उघडं पाडायचंच, असं मी ठरवलं होतं.

वीस मिनिटांनी आत्या म्हणाल्या, "लय हलकं वाटतंय गं. तुझ्या हाताला गुण हाय."

मी मूठ उघडून सेल दाखवला. नणंदा खो खो हसल्या. आत्याही हसल्या, जरा उशिरानं. मग स्वतःच पट्ट्या सोडवल्या आणि लुगडं घोट्यापर्यंत ओढून घेतलं.

त्यानंतर त्यांनी गुडघ्याचं नाव काढलं नाही. मी दोनदा सांगलीला जाऊन आले, तेही जिंकल्याच्या तोऱ्यात. मग एका सकाळी त्यांना मोरीतून उठताच येईना. एक्स-रे काढला, तर दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजून हाडाला हाड घासत होतं. मी फिजिओथेरपीवाल्या बाईंना सेलचं सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "करंट नसला तरी बरं वाटू शकतं. कुणी मायेनं हात लावला तरी वाटतं. म्हणून दुखणं खोटं ठरत नाही." मायेनं! मला मान वर करवेना.

त्यांनी आत्यांचा गुडघा हळूच दाबला. "आजी, इथं दुखतंय?"

आत्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "दुखतंय असं वाटतंय बगा. पर खरंच दुखतंय का न्हाई, ते हिला इचारा. हिला कळतं त्यातलं."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता, तर मी उलट बोलले असते.