मावशीने स्वतःचं तोंड कोरलं

माझी मावशी पन्नास वर्षं लाकडावर चित्रं कोरून छापत आली, पण स्वतःचा चेहरा तिने कधी कोरला नव्हता. "आरशात रोज बघते, तेवढं पुरे नाही का?" म्हणायची. मग अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिच्या हाताला कंप सुटला. तिचा जुना विद्यार्थी आता वार्षिक प्रदर्शनाचा अध्यक्ष आहे. मावशी त्याला अजून ढब्बूच म्हणते. तो घरी येऊन म्हणाला, "बाई, यंदा जुनीच चित्रं द्या. आपण मोठा सत्कार ठेवू." गोड बोलून काटा काढायची त्याची रीत मला चांगली ठाऊक आहे.

"सत्कार? मेले की काय मी?" मावशी कडाडली. "नवं देते. माझंच तोंड देते!"

तो गेल्यावर मात्र तिचं अवसान गळालं. "हातच गेला तर मी कोण गं?"

लाकडात कोरणी एकदा घसरली की घसरली, तिथे खोडरबर चालत नाही. म्हणून मी शहाणपणा पाजळला. आठवडाभर तिचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. रेषा सरळसोट आल्या. ठोकळ्यावर शाई लावून, कागद ठेवून मावशीने चमच्याच्या पाठीने तो घासला, उचलला आणि बराच वेळ बघत राहिली.

"छान आहे. कोण आहे ही?"

मला रागच आला. माझे खांदे भरून आले होते! पण तिचं खरं होतं. कागदावरची बाई नुसती मेणाची होती.

दुसऱ्या ठोकळ्याच्या वेळी तिने मला खोलीबाहेर काढलं. "थरथरू दे हाताला. तो नेईल तिकडे मी जाते." तीन आठवडे दार बंद. छाप निघाला तेव्हा मी उंबऱ्यातच थबकले. गालांवर, मानेवर, केसांत बारीक थरथरत्या रेषा आणि मधोमध तिचे भांडखोर डोळे, आता मला काहीतरी सुनावणार असे. मला रडू आवरेना.

प्रदर्शनात त्या भिंतीपुढची गर्दी हटेना. ढब्बूने चष्मा काढून नाक जवळजवळ काचेला लावलं.

"बाई, अशी रेषा मला जन्मात जमली नाही. कुठली कोरणी वापरलीत?"

मावशीने आपला कापरा हात त्याच्या नाकापुढे धरला. "ही. तुला मिळायला अजून वीस वर्षं आहेत. घाई करू नकोस."